मेमरी कार्ड कॅमेऱ्यात चालतं, लॅपटॉपमध्ये अडतं. असं का होतं?

समजा, चामोर्शी तालुक्यातल्या मार्कंडादेवला महाशिवरात्रीच्या जत्रेत तुम्ही कॅमेऱ्याने भरपूर फोटो काढले. घरी येऊन कार्ड लॅपटॉपमध्ये घातलं, तर ते दिसतच नाही. कॅमेऱ्यात मात्र सगळे फोटो शाबूत! 'कार्ड गेलं' म्हणून फॉरमॅट करण्याआधी थांबा. कार्डावरची धूळ किंवा न जुळणारी फाइल सिस्टिम ही नेहमीची कारणं आहेत. पण कधीकधी घोळ होतो तो व्होल्टेज बदलताना.

व्होल्टेज का बदलावं लागतं?

एसडी कार्ड ३.३ व्होल्टच्या विजेवर चालतं. सुरुवातीला त्याचे सिग्नलही ३.३ व्होल्टचेच असतात. या पातळीवर वेग सेकंदाला जास्तीत जास्त २५ एमबी. यूएचएस-१ कार्डाला १०४ एमबीपर्यंत जायचं, तर सिग्नल १.८ व्होल्टवर आणावे लागतात. कमी व्होल्टेजचा सिग्नल लवकर चढतो-उतरतो.

बदल कसा होतो?

कंट्रोलर कार्डाला 'सीएमडी ११' ही आज्ञा देतो. कार्ड होकार देऊन डेटाच्या तारा शून्यावर धरतं. मग कंट्रोलर क्लॉक थांबवतो, व्होल्टेज उतरवतो, किमान ५ मिलिसेकंद थांबतो आणि क्लॉक पुन्हा सुरू करतो. कार्डाने तारा परत वर उचलल्या, की काम फत्ते.

मग अडतं कुठे?

काही बोर्डांवर कपॅसिटरमध्ये साठलेला चार्ज ओसरायला वेळ लागतो, त्यामुळे व्होल्टेज सावकाश उतरतं. ड्रायव्हरने ५ मिलिसेकंद मोजून घाई केली, तर बदल फसतो. १.८ व्होल्टवर गेलेलं कार्ड आज्ञा देऊन मागेही येत नाही. त्याची वीज बंद करून पुन्हा सुरू करावी लागते.

म्हणूनच लिनक्सचा ड्रायव्हर ५ ऐवजी १० मिलिसेकंद थांबतो. तरीही जमलं नाही, तर कार्डाची वीज बंद-चालू करून पुन्हा प्रयत्न करतो. सगळे प्रयत्न फसले, तर ३.३ व्होल्टवरच काम चालवतो. वेग कमी मिळतो, पण फोटो हाती लागतात.

तुम्ही काय कराल?

कार्ड वेगळ्या यूएसबी कार्ड रीडरमध्ये लावून बघा. त्यात स्वतःचा कंट्रोलर असतो. कार्ड दिसलं, की आधी फोटो कॉपी करा. नंतर लॅपटॉपचे ड्रायव्हर अपडेट करा. फॉरमॅटचा विचार सगळ्यात शेवटी!