मार्ग एकच, बिघाड वेगळे

रियाधच्या किंग फैसल स्पेशालिस्ट हॉस्पिटलमधला डॉ. खौला अल-कुरैया यांचा कर्करोग-जनुक संशोधन विभाग औषधे बनवत नाही. गाठींमध्ये नेमके काय बिघडले आहे ते शोधतो. पेशीला वाढीचा हुकूम बाहेरून येतो. पेशीपटलावरचा रिसेप्टर तो झेलतो आणि एकामागून एक प्रथिने जागी होत निरोप केंद्रकापर्यंत पोचतो. पीआय३के–एकेटी–एमटॉर हा असा एक मार्ग, रास–बीराफ–मेक हा दुसरा. कर्करोगात एखादा दुवा हुकमाशिवायच चालू राहतो. त्याच दुव्याला अडवता येते, हे २००१ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या इमॅटिनिब या औषधाने रक्ताच्या एका कर्करोगात दाखवून दिले.

माणसाची पेशी बोस्टनला आणि रियाधला सारखीच, मग तीच औषधे मागवली की झाले, असे कुणी म्हणेल. मार्ग सारखा असतो हे खरेच. बिघाडाची जागा आणि जात मात्र सारखी नसते. सौदी स्त्रियांमध्ये थायरॉइडचा कर्करोग बराच आढळतो. मेणात जपलेल्या गाठींतून जेमतेम ०.६ मिलिमीटर व्यासाचे तुकडे काढायचे, शेकडो रुग्णांचे असे तुकडे मेणाच्या एकाच ठोकळ्यात मांडायचे, त्याचा काप काचपट्टीवर घ्यायचा आणि एका दमात तपासायचे, ही या विभागाची हातोटी. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत पॅपिलरी प्रकारच्या निम्म्याच्या आसपास गाठींत पीआय३के मार्गातल्या पीआयके३सीए या जनुकाच्या प्रती वाढलेल्या निघाल्या. त्याच जनुकातले उत्परिवर्तन मात्र अगदी तुरळक. म्हणजे फक्त उत्परिवर्तन शोधणाऱ्या चाचणीला यातला बहुतेक बिघाड दिसलाच नसता.

प्रती वाढल्या म्हणून गाठ त्यांच्यावरच जगते असे ठरत नाही, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. म्हणूनच या विभागाने कर्कपेशींमध्ये पीआय३के मार्ग रोखून पाहिला आणि पेशी मरताना दिसल्या. अर्थात काचेच्या बशीतली पेशी म्हणजे रुग्ण नव्हे. बीराफला अडवणारे व्हेमुराफेनिब त्वचेच्या मेलानोमात गुणकारी ठरले. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात, बीराफमधला बदल तोच असूनही, ते एकटे फारसे चालले नाही, कारण तिथल्या पेशी ईजीएफआर या रिसेप्टरमार्फत निरोप पुन्हा सुरू करतात. २०१९ साली स्तनाच्या कर्करोगासाठी आलेल्या, पीआय३केला अडवणाऱ्या अल्पेलिसिबची अडचण तर थेट शरीराच्या रोजच्या कारभाराशी भिडते. इन्सुलिनचा निरोपही पीआय३के मार्गानेच जातो, त्यामुळे औषध घेताना रक्तातली साखर चढते. मधुमेह घरोघरी असलेल्या सौदी अरेबियात औषध निवडण्याआधी गाठीच्या अहवालाशेजारी साखरेचा अहवालही ठेवावा लागतो.