मजुरांच्या रेल्वेवरून सायकलींची वाट

सायकल ही कष्टकऱ्याच्या घरातली पहिली गाडी. मोटार कुणाच्या दारात आली, कुणाच्या आली नाही. पण सायकल प्रत्येक वस्तीत आली. आमच्या थोरल्या बंधूंनी बावीस वर्षे सायकलवरूनच कारखाना गाठला. डबा हॅंडलला अडकवायचा, रात्रपाळी सुटली की हायवेच्या कडेकडेने घर. एके पहाटे मागून ट्रकचा धक्का लागला आणि ते गटारात फेकले गेले. पाय वाचला, पण गुडघा त्यानंतर कधी नीट वाकला नाही. तेव्हापासून आमच्या आईने घरात नियम केला, की पोरांनी सायकल फिरवायची ती वस्तीच्या मैदानात. रस्त्यावर नाही.

म्हणून गेल्या वर्षी एक फोटो पाहून आई चक्रावली. आमच्या शेजाऱ्यांची लेक आयर्लंड देशात परिचारिका आहे. तिने पाठवलेल्या फोटोत तिची नऊ वर्षांची मुलगी सायकलवर होती. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर, मध्ये खडीची अरुंद वाट, आणि वाटेवर एकही वाहन नाही. आईने फोटो डोळ्यांजवळ धरून विचारले, ''गाड्या कुठं गेल्या?''

त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता जी हकीकत हाती आली, ती आपल्या वाचकांना सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मेयो नावाचा जिल्हा आहे. तिथे वेस्टपोर्ट या गावापासून न्यूपोर्ट आणि मलरॅनीमार्गे अ‍ॅकिल बेटाच्या तोंडापर्यंत ४२ किलोमीटरची ही वाट जाते. तिला ग्रेट वेस्टर्न ग्रीनवे म्हणतात. वेस्टपोर्ट ते न्यूपोर्ट ११ किलोमीटर, पुढे मलरॅनीपर्यंत १८, तिथून अ‍ॅकिलपर्यंत १३. बहुतेक ठिकाणी बारीक खडी दाबून वाट तयार केलेली आहे. तिच्यावर सायकलवाले आणि पायी चालणारे यांनाच जायची मुभा. काही ठिकाणी गाडीरस्ता ओलांडावा लागतो, काही तुकडे मोठ्या रस्त्याच्या बाजूबाजूने जातात, तेवढेच. बाकी सोबतीला मेंढ्या, दलदलीची माळराने आणि क्लू उपसागरातली हिरवी बेटे. उपसागरापलीकडे क्रोह पॅट्रिकचा टोकदार डोंगर दिसतो.

इतका डोंगराळ मुलूख, पण नऊ वर्षांच्या पोरीला दम लागत नाही. कारण ही मुळात रेल्वेची वाट आहे. वाफेच्या इंजिनाला खडा चढ चढवत नसे. म्हणून तेव्हाच्या मजुरांनी टेकड्या कापल्या, खोलगट जागी भराव घातले, न्यूपोर्टला नदीवर तांबड्या दगडाचा सात कमानींचा पूल बांधला. त्या पुलावरून आज सायकली जातात.

आता रेल्वेची गोष्ट. अ‍ॅकिलचे लोक जमीनदाराच्या जमिनीवर राहणारी कुळे. जमिनीचा तुकडा एवढासा, त्यात बटाटे लावायचे, आणि खंड भरायला पैसे हवेत. मग उन्हाळा आला की पोरीबाळींसह माणसे बोटीने स्कॉटलंडला जायची. तिथल्या मोठ्या शेतांवर बटाटे काढायचे, शेतातल्या गोठ्या-खोपटांत झोपायचे आणि चार पैसे घेऊन परत यायचे. आपल्याकडे दसरा उलटला की बीडकडची माणसे बिऱ्हाड ट्रकवर टाकून ऊसतोडीला निघतात, कोपी घालून राहतात. वाचकांना अधिक सांगायला नको.

१४ जून १८९४ रोजी अ‍ॅकिलहून अशाच मजुरांनी भरलेली शिडाची होडी वेस्टपोर्टच्या धक्क्याजवळ आली. तिथून त्यांना स्कॉटलंडची आगबोट घ्यायची होती. आगबोट पाहायला सगळे एका अंगाला झाले आणि होडी उलटली. ३२ जण बुडाले. त्यांत तरुण मुली पुष्कळ. रेल्वेचे काम चालू होते, मार्ग अ‍ॅकिलसाठी रीतसर उघडलाही नव्हता. तरी त्यावरून खास गाडी सोडून प्रेते गावाकडे नेली. अ‍ॅकिलच्या लोकांसाठी त्यांच्या रेल्वेची पहिली गाडी ती.

रेल्वे १८९५ साली अ‍ॅकिलपर्यंत पोहोचली आणि बेचाळीस वर्षे चालली. पुढे तोट्यात म्हणून ती बंद करायचे ठरले. बंद व्हायला दोन आठवडे असताना, १६ सप्टेंबर १९३७ रोजी, स्कॉटलंडमधल्या कर्किन्टिलॉक गावी मजुरांच्या झोपायच्या खोपटाला आग लागली. आत अ‍ॅकिलची दहा मुले होती. दहाही गेली. सर्वांत मोठा २३ वर्षांचा, सर्वांत धाकटा १३ वर्षांचा. त्यांच्या शवपेट्या याच रेल्वेने अ‍ॅकिलला आल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस रेल्वे बंद झाली. बुडालेले आणि जळालेले, दोघांनाही किलडाव्हनेटच्या दफनभूमीत मूठमाती दिली आहे.

तिकडे अशी आख्यायिका सांगतात, की तीनशे वर्षांपूर्वी कुणा ब्रायन रुआ नावाच्या भविष्यवाल्याने म्हटले होते, लोखंडी चाकांची आगगाडी अ‍ॅकिलला येईल आणि पहिली व शेवटची गाडी प्रेते घेऊन येईल. आपला भविष्यावर विश्वास नाही. तेरा वर्षांचे पोर परमुलखात बटाटे काढायला का गेले, याचा जबाब भविष्यवाल्याकडे मागायचा नसतो. तो जमीनदाराच्या खंडाच्या वहीत आणि शेतमालकाच्या खोपटात मागावा लागतो.

आणि तो मागणारी माणसेही याच जिल्ह्यात झाली. मायकल डॅविट मेयोचाच. १८५० साली, चार वर्षांचा असताना, त्याच्या कुटुंबाला जमीनदाराने घराबाहेर काढले. ते इंग्लंडला गेले. अकराव्या वर्षी कापडगिरणीत यंत्रात सापडून त्याचा उजवा हात गेला. गिरणगावात वाढलेल्या आमच्या वाचकांना हे वाचताना आपल्याच चाळीतले कोणी आठवेल. या एका हाताच्या माणसाने पुढे १८७९ साली कुळांची लँड लीग उभारली. अ‍ॅकिल बेटाला जोडणाऱ्या पुलाला त्याचे नाव आहे. पहिला पूल १८८७ साली त्यानेच खुला केला होता.

लीगच्या दुसऱ्याच वर्षी, १८८० मध्ये, मेयोतल्या एका जमीनदाराचा कारभारी कुळांना हुसकावू लागला. लोकांनी त्याच्यावर हात उचलला नाही. त्याच्या शेतावर जायचे सोडले, त्याच्याशी बोलायचे सोडले, दुकानदाराने माल द्यायचा सोडला. त्या कारभाऱ्याचे नाव कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट. पूर्वी काही वर्षे तो अ‍ॅकिल बेटावरही राहून गेला होता. 'बॉयकॉट' हा शब्द त्याच्या आडनावावरून आला. आपल्या लोकांना बहिष्कार ठाऊक आहे तो उलट बाजूने. पाणी तुटायचे ते आपले, किराणा बंद व्हायचा तो आपला. बाबासाहेबांनी १९२७ साली पत्र काढले त्याचे नावच 'बहिष्कृत भारत'. मेयोत मात्र तेच हत्यार खालच्या माणसाने वर उगारले.

रेल्वे गेल्यावर तिची जमीन आजूबाजूच्या शेतकऱ्यांकडे गेली. सत्तर वर्षे तिच्यावर गवत आणि काटेरी झुडपे वाढली. वाट करायची तर जमीन पाहिजे. सरकारने सक्तीने घेतली असती तर भांडण कोर्टात गेले असते. मेयोच्या जिल्हा कौन्सिलने दुसरा मार्ग धरला. दीडशेहून अधिक जमीनमालकांशी बोलून जाण्या-येण्याची परवानगी मिळवली. मालकी शेतकऱ्याची, वाट सगळ्यांची. ज्यांच्या आज्यापणज्यांना जमिनीवरून उठवले गेले, त्यांनी आपल्या शेतातून परक्यांना जाऊ दिले. आम्हाला या सगळ्या हकिकतीत ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते. २०१० साली न्यूपोर्ट ते मलरॅनी हा पहिला टप्पा झाला, २०११ साली पूर्ण वाट खुली झाली. तिचे पाहून इतरत्रही कामे निघाली. २०१७ साली वॉटरफर्डला जुन्या रेल्वेवर ४६ किलोमीटरची तशीच वाट झाली.

आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या. फार चांगले झाले. सायकल दिली, पण तिने जायचे कुठून? वाळूच्या डंपरच्या बाजूने? खेड्यात पाटाच्या कडेने मुरमाचा रस्ता असतो. पुष्कळ मुली त्यानेच शाळेला जातात, कारण तिथे गाड्या कमी. तो रस्ता पावसाळ्याआधी जरा दाबून घेतला, काटे तोडले, तर ग्रामपंचायतीला काय जड आहे? ग्रामसभेत हे विचारायला आयर्लंडला जावे लागत नाही.

शिकायला, नोकरीला तिकडे गेलेल्या आपल्या मुलांनी मात्र एक दिवस काढून ही वाट जरूर पाहावी. डब्लिनहून वेस्टपोर्टला रेल्वे जाते. गावात सायकल भाड्याने मिळते, लहानांची, मोठ्यांची, तान्ह्या मुलासाठी मागे जोडायची गाडीसुद्धा. एका टोकाला पोहोचल्यावर दुकानाची गाडी माणसांना आणि सायकलींना परत आणते. पाऊस केव्हाही येतो, कानटोपी आणि रेनकोट हवाच. वारा बहुतेक पश्चिमेकडून, समुद्रावरून असतो. म्हणून जाणती माणसे अ‍ॅकिलहून सुरुवात करतात, म्हणजे तो पाठीला लागतो.

आमच्या शेजाऱ्यांच्या लेकीने पहिल्या खेपेला फक्त मधला १८ किलोमीटरचा टप्पा केला होता, तोही वाऱ्याची दिशा न पाहता. येत्या उन्हाळ्यात ती सगळी अ‍ॅकिलपासून निघणार आहेत. निघण्याआधी किलडाव्हनेटला जायचे आहे. ती जागा पुलापासून आत, साध्या गाडीरस्त्यावर आहे. तिथवर पोरीला सायकल चालवू देणार नाही, असे तिने आमच्या आईला फोनवर आधीच सांगून ठेवले आहे.