लॉग ॲम्प्लिफायरमधला दोष शोधताना
लॉग ॲम्प्लिफायरमध्ये ऑप-ॲम्पच्या फीडबॅकमार्गात ट्रान्झिस्टर असतो. करंट दहापट झाला की खोलीच्या तापमानाला त्याचे व्होल्टेज सुमारे ६० मिलिव्होल्टने बदलते. त्यामुळे पिकोॲम्पिअरपासून मिलिॲम्पिअरपर्यंतचे करंट पट्टा न बदलता मोजता येतात.

तपासणीसाठी मोठ्या रेझिस्टरमधून माहीत असलेला करंट द्यावा. मोठा करंट बरोबर दिसतो, पण लहान करंटला वाचन एका पातळीखाली उतरत नसेल, तर ऑप-ॲम्पचा बायस करंट किंवा बोर्डावरची गळती तपासावी. ७४१ या ऑप-ॲम्पचा बायस करंट अनेक नॅनोॲम्पिअर असतो. लहान करंटसाठी फेट-इनपुट ऑप-ॲम्पच हवा. गळती कमी करण्यासाठी बोर्डावरचा फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावा, इनपुटभोवती गार्ड रिंग ठेवावी.

वाचन तापमानाबरोबर सरकत असेल, तर जुळवलेली ट्रान्झिस्टर-जोडी आणि तापमानानुसार बदलणारा रेझिस्टर दोन्ही लागतात. ऑसिलोस्कोपवर आंदोलने दिसल्यास फीडबॅकमध्ये छोटा कपॅसिटर जोडावा. मात्र त्याने प्रतिसाद मंदावतो, विशेषतः लहान करंटला.