जुना संगणक जागा होतो तेव्हा

गोवा शासनाने या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत ‘सायबरएज’ योजनेखाली उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांना संगणक दिले आणि खेड्यापाड्यांतील घरांतही हे यंत्र येऊन बसले. डिचोली तालुक्यातील नार्वे हे श्रीसप्तकोटेश्वराच्या देवालयामुळे प्रसिद्ध असलेले गाव. तेथेही दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला संगणक असलेले घर आढळणे नवलाचे नाही. अशा यंत्राविषयीची तक्रार ठरलेली असते. कळ दाबावी, चहा ठेवावा, चहा पिऊन व्हावा, तरी पडद्यावरील चक्र फिरतच असते. मुलाचा प्रवेशअर्ज भरावयाचा दिवस शेवटचा असला, म्हणजे हे यंत्र टाकून द्यावे असाच विचार घरात बळावतो. वस्तुतः तसे करण्याची गरज पुष्कळदा नसते.

कळ दाबताच मदरबोर्डवरील एका चिपमध्ये कायमची नोंदलेली आज्ञावली प्रथम चालू होते. स्मृती, कळफलक, तबकडी ही सर्व जागच्या जागी आहेत ना, हे ती पाहते आणि मग तबकडीवरून विंडोजसारखी कार्यप्रणाली उचलून स्मृतीत आणते. आपल्याच बुटाचे बंद ओढून स्वतःस वर उचलावे, या इंग्रजी कल्पनेवरून या क्रियेस ‘बूट होणे’ म्हणतात. पादत्राणाशी तिचा संबंध एवढाच.

खरा खोळंबा होतो तो तबकडीपाशी. जुन्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० म्हणजे सेकंदाला १२० फेरे घेते. हवी ती नोंद वाचण्यासाठी सुईसारख्या दांडीने योग्य वर्तुळावर जावयाचे, आणि नोंद फिरत फिरत खाली येईपर्यंत थांबावयाचे. यात एका सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग जातो. तेवढा वेळ कोणास जाणवणार? परंतु आरंभी अशा हजारो विखुरलेल्या नोंदी वाचाव्या लागतात, आणि क्षणांची मिनिटे होतात. एसएसडी नावाच्या साठवणीत फिरणारे काहीच नसते. तेच काम ती निदान शंभरपट लवकर करते. म्हणून जुन्या यंत्रावर खर्च करावयाचाच असेल, तर तो प्रथम येथे करावा. मात्र घरातील छायाचित्रे व कागदपत्रे आधी दुसरीकडे उतरवून घ्यावीत. तबकडी जुनी असेल तर हे काम उद्यावर टाकू नये.

बिनखर्चाचा उपाय याच्याही आधीचा आहे. दिवाडीहून नार्वे धक्क्यास लागलेल्या फेरीबोटीतील सर्व वाहने एकदमच बाहेर पडू लागली तर कोणीच लवकर सुटणार नाही. यंत्रात नेमके हेच घडते. छपाईयंत्राचा मदतनीस, गाण्यांचा कार्यक्रम, संदेशांचा कार्यक्रम, असे प्रत्येकजण पहिल्या मिनिटातच तबकडीपाशी धाव घेतो. विंडोज १० मध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील ‘स्टार्टअप’ या सदरात हे सारे नोंदलेले असतात. जे रोज लागत नाहीत ते तेथे बंद करावेत. कार्यक्रम पुसला जात नाही, बोलाविल्याशिवाय येत नाही इतकेच. विषाणुरोधक कार्यक्रम मात्र ठेवावा, पण एकच; दोन ठेवले तर ते एकमेकांचीच वाट अडवितात.

विजा चमकू लागल्या की प्लग काढून ठेवण्याची कोकण-गोव्याची रीत शहाणपणाची आहे. तथापि प्लग काढलेला असताना आतील घड्याळ चालते ते केवळ तीन व्होल्टच्या, नाण्याएवढ्या बॅटरीवर. ती संपली म्हणजे तारीख अनेक वर्षे मागे जाते, यंत्र आरंभीच अडून एखादी कळ दाबण्याची वाट पाहते, आणि तारीख चुकल्यामुळे पुढे संकेतस्थळेही उघडत नाहीत. ‘सीआर २०३२’ असे सांगून ही बॅटरी थोडक्या पैशांत मिळते. डिचोलीची लाल धूळही विसरू नये. पंख्यात ती साचली की यंत्र तापते, आणि तापलेले यंत्र जळू नये म्हणून आपली गती स्वतःच कमी करते.

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि विंडोज ११ बहुतेक जुन्या यंत्रांना स्वीकारीत नाही. अशा यंत्रावर ‘लिनक्स मिंट’सारखी विनामूल्य प्रणाली बसविता येते. चार जीबी स्मृतीत ती चालते आणि मराठी टंकलेखनही तिच्यात होते. मात्र अर्ज भरण्यासाठी एखादा विंडोजचाच कार्यक्रम लागत असेल, तर त्याची चौकशी अगोदर करावी.