मीटिऑर ३५० : वेगापेक्षा ओढ महत्त्वाची

मोटरसायकल म्हटली की ‘किती पळते?’ हाच प्रश्न आपल्याकडे प्रथम विचारला जातो. क्रूझर प्रकारातील गाडीला मात्र ही फूटपट्टी लावून चालत नाही. लांबच्या प्रवासात चालकाला थकवा येऊ नये, हा या गाड्यांचा मूळ उद्देश. रॉयल एन्फील्डची ‘मीटिऑर ३५०’ हे या प्रकारातील आपल्या परिचयाचे उदाहरण. नोव्हेंबर २०२० मध्ये कंपनीने ‘थंडरबर्ड’ची जागा घेण्यासाठी ती बाजारात आणली.

गोल दिवा, थेंबाच्या आकाराची १५ लिटरची टाकी, रुंद हँडल आणि पुढे सरकवलेले फूटरेस्ट ही तिची जुन्या वळणाची ठेवण. सीटची उंची अवघी ७६५ मिलिमीटर असल्याने मध्यम उंचीच्या चालकाचेही पाय सहज जमिनीला टेकतात. सुमारे १९१ किलो वजनाची गाडी सिग्नलवर सावरताना याचे महत्त्व कळते. पुढचे चाक १९ इंची, तर मागचे १७ इंची आहे. दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आणि एबीएस आहे.

इंजिन एक सिलिंडरचे, ३४९ सीसीचे. त्याची शक्ती सुमारे २० अश्वशक्ती, म्हणजे आकाराच्या मानाने बेताचीच. परंतु खरी मेख टॉर्कमध्ये आहे. सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर, तर पिस्टनची धाव ८५.८ मिलिमीटर आहे. धाव लांब असल्याने कमी फेऱ्यांतच जोरदार ओढ मिळते. २७ न्यूटन मीटरचा सर्वोच्च टॉर्क मिनिटाला ४,००० फेऱ्यांवरच हाती येतो. त्यामुळे घाटात वारंवार गिअर बदलावे लागत नाहीत. इंजिनातील बॅलन्सर शाफ्टमुळे कंपनेही बरीच कमी झाली आहेत.

सीसीच्या आकड्याला आता करांचाही संदर्भ आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला, तर त्यापुढील गाड्यांवर तो ४० टक्के आहे. ३४९ सीसीची ही गाडी या सीमारेषेच्या आत राहते.

या बैठकीची दुसरी बाजूही ध्यानात घ्यायला हवी. पाय पुढे असल्याने खड्डा आला की त्यांवर भार देऊन किंचित उठणे कठीण जाते आणि धक्का थेट कमरेला बसतो. मागच्या दोन शॉकअॅब्सॉर्बरचा ताण सहा टप्प्यांत बदलता येतो. मागे कोणी बसणार असेल, तर तो वाढवून घेणे इष्ट.

म्हणूनच शोरूमभोवतीच्या पाच मिनिटांच्या फेरीवर निर्णय घेऊ नये. नेहमीच्या खडबडीत रस्त्यावर, शक्यतो मागे माणूस बसवून, अर्धा तास गाडी चालवून पाहावी. कंबरेने कुरकुर केली नाही, तरच पुढचा व्यवहार करावा.