देवालयाभोवतीचे वन

उत्तर इथिओपियाच्या डोंगराळ पठाराची उपग्रहाने टिपलेली छायाचित्रे पाहिली, तर तपकिरी शेतांच्या अफाट विस्तारात मधूनमधून हिरवे ठिपके आढळतात. अशा ठिपक्याच्या मध्यभागी बहुधा एक वर्तुळाकार वास्तू असते. ती वास्तू म्हणजे इथिओपियन ऑर्थोडॉक्स पंथाचे चर्च आणि सभोवारची हिरवाई म्हणजे तेथील भाविकांनी पिढ्यानपिढ्या राखलेले वन. आपल्याकडच्या देवराईचे स्मरण व्हावे, असेच हे दृश्य आहे.

या देशात ख्रिस्ती धर्माला चौथ्या शतकात, राजा एझाना याच्या काळी राजाश्रय मिळाला. चर्चभोवतीचे वन हे ईडनच्या उद्यानाचे प्रतिरूप आहे आणि वनाविना चर्च म्हणजे वस्त्रहीन देह, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. शेती, चराई व सरपण यांपायी भोवतालचे अरण्य लयाला गेले. ही वने मात्र टिकून राहिली. जुनिपर, रानऑलिव्ह यांसारखे मूळचे वृक्ष आता प्रामुख्याने येथेच आढळतात. गावाला सावली, झऱ्याचे पाणी आणि औषधी वनस्पती या वनांतून मिळतात. शेतातील पिकांच्या परागीभवनास उपयोगी पडणाऱ्या मधमाश्यांनाही येथेच आसरा लाभतो.

परंतु श्रद्धा वृक्षतोड थोपवू शकते, गुरांना नव्हे. गुरे आत शिरून कोवळी रोपे खातात, तुडवितात. नांगर दरवर्षी थोडा थोडा आत सरकतो. परिणामी जुने वृक्ष उभे दिसत असले, तरी त्यांची जागा घेणारी नवी पिढी वाढत नाही. अलेमायेहू वासी या इथिओपियन वनशास्त्रज्ञाच्या अभ्यासातून एक गंभीर बाब पुढे आली: येथील बहुतेक वृक्षांचे बी मातीत दीर्घकाळ साठून राहत नाही. म्हणजे उभे वृक्ष गेले, तर त्या भूमीतून वन आपोआप पुन्हा उगवणार नाही. येथे मुद्दल एकदा गमावले, की ते परत उभे करण्याचा सोपा मार्ग नाही.

वासी यांना अमेरिकन वृक्षशास्त्रज्ञ मार्गारेट लोमन यांचे साहाय्य लाभले. त्यांनी धर्मगुरूंना एकत्र आणून उपग्रहचित्रे दाखविली. आपापल्या वनाचा संकोच प्रत्यक्ष पाहिल्यावर उपाय ठरला तो साधाच: दगडी कुंपण. दगड शेतांतच विपुल होते. शेतकऱ्यांनी ते वेचून आणले आणि गावकऱ्यांनी वनाभोवती गडगा रचला. त्यात दुहेरी लाभ झाला. दगड निघाल्याने शेत नांगरण्यास सुलभ झाले आणि गुरे अडल्याने वनात रोपे पुन्हा तग धरू लागली. काही ठिकाणी तर लोकांनी कुंपण विद्यमान वनसीमेच्या पलीकडे घातले, जेणेकरून वनाला पुढे पसरण्यास वाव राहावा.

या कार्यात मोठे भांडवल नव्हते की अवजड यंत्रसामग्री नव्हती. शास्त्रज्ञाने धोका दाखविला, धर्मगुरूने शब्द दिला, शेतकऱ्याने दगड वाहिला. पूर्वजांनी सोपविलेल्या ठेवीचे आपण मालक नसून विश्वस्त आहोत, ही जाणीव त्या तिघांनाही होती. ज्यांच्या घरी पिढीजात पेढी चालते, त्यांना या वृत्तीचे मोल निराळे सांगावे लागू नये.