गृहशुश्रूषा केंद्र

गृहशुश्रूषा केंद्र म्हणजे आजारी, वृद्ध, दिव्यांग किंवा शस्त्रक्रियेनंतर घरी परतलेल्या व्यक्तीच्या देखभालीसाठी तिच्या राहत्या घरी परिचारिका अथवा काळजीवाहक पाठविणारी संस्था होय. शहरांतून तिला ‘ब्यूरो’ म्हणतात. काळजीवाहक स्त्रीला ‘मावशी’ आणि पुरुषाला ‘मामा’ म्हणण्याची रूढी आहे. भारतात या व्यवसायाचे संघटित रूप प्रथम महानगरांत दिसले. बंगळूर येथे नाइटिंगेल्स ही संस्था १९९६ मध्ये आणि पोर्टिया ही कंपनी २०१३ मध्ये सुरू झाली. यवतमाळसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात असे केंद्र चालविण्याचे प्रश्न महानगरापेक्षा पुष्कळच निराळे आहेत.

यवतमाळ जिल्ह्यातील गरज

सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे १३,५८२ चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २७,७२,३४८ होती. यवतमाळ येथे १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. गुंतागुंतीच्या उपचारांसाठी रुग्ण सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूरला, तर पुसद-उमरखेड भागातील रुग्ण नांदेडला नेले जातात. उपचार संपून रुग्णालयातून सुटी मिळाली की खरी शुश्रूषा सुरू होते. अर्धांगवायूने अंथरुणास खिळलेल्या रुग्णाची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलावी लागते. ते न झाल्यास शय्याव्रणे होतात आणि ती चिघळून जिवावर बेततात. हे काम परंपरेने घरातील सुनेवर किंवा लेकीवर पडत आले. मुले पुणे, मुंबई, नागपूर येथे नोकरीस गेल्यानंतर अनेक घरांत दोन वृद्धच उरले. आर्णी तालुक्यातील उमरी पठार येथे वृद्धाश्रम आहे. परंतु घर सोडण्यास बहुतेक वृद्ध राजी नसतात.

कायदेशीर चौकट

महाराष्ट्रात गृहशुश्रूषेसाठी स्वतंत्र परवाना देणारा कायदा नाही. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ हा रुग्ण ठेवण्याच्या जागेला लागू होतो, रुग्णाच्या घराला नव्हे. त्यामुळे चालकाला सर्वसाधारण व्यवसायासारखीच नोंदणी करावी लागते. दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या अधिनियमानुसार ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असल्यास केवळ सूचना देणे पुरते, त्यापुढे नोंदणी आवश्यक ठरते. जुन्या लोकांच्या तोंडी तिचे नाव अजून ‘गुमास्ता’ हेच आहे. भांडवलासाठी उद्यम नोंदणी करून जिल्हा उद्योग केंद्रामार्फत पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाखाली अर्ज करता येतो.

सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असल्यास वस्तू व सेवा कराच्या नोंदणीची सक्ती सामान्यतः नसते. आरोग्यसेवेस या करातून सूट आहे. मात्र निव्वळ मनुष्यबळ पुरविणे त्या सवलतीत आपोआप बसत नाही, हे अनेक चालकांना उशिरा कळते.

सर्वांत महत्त्वाची सीमारेषा परिचारिका आणि काळजीवाहक यांच्यातील आहे. परिचारिकेची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे असावी लागते. अंघोळ घालणे, भरविणे, कूस बदलणे, चालविणे ही काळजीवाहकाची कामे. शिरेतून औषध देणे किंवा मूत्रनलिका बसविणे ही नव्हेत. नातेवाईक ‘एवढे एक इंजेक्शन देऊन टाका’ असा आग्रह धरतात. मावशीने अशा वेळी नकार दिला, तर केंद्राने तिच्या पाठीशी उभे राहणे अपेक्षित असते.

मनुष्यबळ

यवतमाळमध्ये केंद्र बंद पडण्याचे कारण ग्राहकांची उणीव हे क्वचितच असते. माणसे टिकत नाहीत, हे असते. या कामास येणाऱ्या स्त्रियांपैकी पुष्कळशा शेतमजूर कुटुंबांतील असतात. निंदणाच्या दिवसांत, दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन काढणीला आणि दिवाळीनंतर कापूस वेचणीला गावी परतणे त्यांना भाग असते. म्हणून अनुभवी चालक या महिन्यांसाठी बदली माणसांची यादी उन्हाळ्यातच तयार ठेवतो. यवतमाळहून वणी किंवा उमरखेड शंभर किलोमीटरच्या आसपास असल्याने एकाच कार्यालयातून साऱ्या जिल्ह्याला सेवा देणे जमत नाही. बारा तासांची पाळी शहरात शक्य होते. खेड्यात शेवटची एसटी गेल्यावर मावशीला मुक्कामीच राहावे लागते.

भाषेचाही प्रश्न आहे. बंजारा तांड्यावरील म्हाताऱ्या आजीला दुखणे गोरमाटीतच नीट सांगता येते, तर केळापूर, झरी-जामणी भागात कोलामी व गोंडी बोलणारी घरे आहेत.

प्रशिक्षणासाठी कौशल्य विकास योजनांतर्गत ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’ व ‘होम हेल्थ एड’ हे अभ्यासक्रम आहेत. अल्पशिक्षित स्त्रिया हे काम उत्तम शिकू शकतात, याचा विदर्भातील भक्कम पुरावा गडचिरोलीचा आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बाळांची घरी काळजी घेण्यास शिकविले. त्या गावांतील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. तो प्रयोग बाळांचा होता आणि त्यामागे नियमित देखरेख होती. देखरेखीचा हा भाग व्यावसायिक केंद्रे बहुधा वगळतात. काळजीवाहक पाठविल्यानंतर पर्यवेक्षक महिनोन्महिने त्या घरी फिरकत नाही.

करार आणि सुरक्षितता

केंद्र दोन पद्धतींनी चालते. काही चालक कुटुंबाकडून एकरकमी नोंदणी शुल्क घेऊन बाजूला होतात. इतर दरमहा रक्कम घेऊन त्यातून कर्मचाऱ्याला वेतन देतात. पहिल्या पद्धतीत चालकाचा धोका कमी, पण तक्रार आल्यास जबाबदार कोणीच नसते. दुसरीत कुटुंबाने मावशीला परस्पर कामावर ठेवून केंद्राला वगळण्याची भीती असते. केवळ कराराच्या कलमाने हे थांबत नाही. वेळेवर वेतन, आठवड्याची सुटी आणि आजारपणात बदली मिळत असेल, तर मावशी स्वतःच केंद्र सोडत नाही.

करारात कामाचे तास, कामांची यादी, जेवण व झोपण्याची जागा लिहिलेली असावी. घरातील चार माणसांचा स्वयंपाक आणि धुणे हळूहळू काळजीवाहकाच्या गळ्यात पडते. भांडणाचे मूळ बहुधा तेथेच असते. पोलिसांकडील चारित्र्य पडताळणी कर्मचाऱ्याची होते, कुटुंबाची होत नाही. परक्या घरी रात्री राहणाऱ्या स्त्रीसाठी २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंध अधिनियम लागू आहे: घर हेही कामाचे ठिकाण मानले जाते. दहापेक्षा कमी कर्मचाऱ्यांच्या केंद्रातील स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. या समितीचा पत्ता कामावर पाठविण्यापूर्वीच प्रत्येकीला लेखी दिला जावा.